आठ रियाल, १७८०चा थालर आणि जहाजबुडीचं ‘कॉब’: तीनपैकी कोणतं घ्यावं?

रियालशोधक:

नमस्कार मंडळी. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपीय साम्राज्यांची मोठी चांदीची नाणी जमवायला सुरुवात करायची आहे. एकाच विक्रेत्याकडे तीन नाणी आहेत. मापं अशी:

१) स्पॅनिश आठ रियाल, मेक्सिको, १७९६, राजा चौथा कार्लोस. पारख्याची अक्षरं एफ-एम. वजन २४.९ ग्रॅम, व्यास ३९.४ मिमी. केसांच्या बटा आणि ढालीवरचे सिंह अगदी स्पष्ट. चिनी व्यापाऱ्यांचे दोन छोटे ठसे आहेत.

२) ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालर, १७८०. वजन २८.०५ ग्रॅम. चकचकीत.

३) आठ रियालचं कॉब, म्हणजे हातोड्याने छापलेलं ओबडधोबड नाणं. ‘अटोचा जहाज, १६२२, पोतोसी टांकसाळ’ असं प्रमाणपत्र, म्हणजे १६२२ मध्ये बुडालेल्या स्पॅनिश जहाजावरचं, आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीचं. वजन १९.६ ग्रॅम, पृष्ठभाग खडबडीत. क्रॉसच्या चारही टोकांना गोळ्यांसारखा फुगवटा. प्रमाणपत्राची झेरॉक्सच दाखवतात. त्यावरचा फोटो धूसर आहे, वजन २२.१ लिहिलंय.

कोणतं घ्यावं, कोणतं सोडावं? आणि घरच्या घरी काय तपासता येईल?

कडपारखी:

पहिल्यापासून सुरू करतो, कारण तिथे आकडेच बोलतात.

१७७२ ते १८२५ या काळातल्या राजाचा चेहरा असलेल्या आठ रियालचं ठरलेलं वजन २७.०७ ग्रॅम. बऱ्यापैकी वापरलेलं नाणंसुद्धा साधारण २६.५ ते २७ मध्ये बसतं. तुमचं २४.९ आहे, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त तूट. एवढी चांदी झिजून गेली असती तर राजाच्या कानावरचे केस सपाट झाले असते. ढालीतले सिंह आणि किल्ले ओळखू आले नसते. झीज नाही आणि वजनही नाही, हे एकत्र जमत नाही. कड कातरली असेल म्हणावं, तर कडेवरची नक्षी तुटलेली दिसायला हवी.

आता कड बघा. या मालिकेत कडेवर एक वर्तुळ, एक आयत, पुन्हा वर्तुळ असा क्रम असतो. ही नक्षी छाप पाडण्याआधी, दोन सरळ पट्ट्यांमध्ये चकती घोळवून उमटवत. एक पट्टी स्थिर, दुसरी सरकती, आणि प्रत्येक पट्टी अर्धा घेर भरते. त्यामुळे समोरासमोरच्या दोन जागी नक्षीची टोकं जुळतात आणि बहुतेक वेळा एकमेकांवर चढतात. अर्धं वर्तुळ अर्ध्या आयतावर बसलेलं दिसतं. नवख्याला तो दोष वाटतो, पण ती खरेपणाची खूण आहे. उलट पूर्ण फेरीत नक्षी एकसारखी चालली असेल, किंवा कडेच्या मधोमध बारीक शिवण फिरली असेल, तर नाणं साच्यात ओतलेलं किंवा आधुनिक यंत्रावरचं असण्याची शक्यता मोठी.

घरी करायची चाचणी पाण्याची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका (बुडबुडे चिकटत नाहीत) आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, टेकलं तर आकडा एकदम वाढतो. काट्यावर जे दिसेल ते नाण्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा, की घनता मिळाली.

१७९६च्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास यायला हवी. २७.०७ ग्रॅमच्या अस्सल नाण्याला काटा साधारण २.६२ दाखवेल. तांब्यावर चांदीचा मुलामा असेल तर ९ च्या जवळ, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्त; चांदी अजिबात नाही) असेल तर ८.५ ते ८.७. करून बघा आणि आकडे इथेच टाका.

टांकसाळकर:

कडपारखींशी सहमत. अक्षरांबद्दल थोडं.

या नाण्यांवर टांकसाळीची खूण आणि पारख्याची आद्याक्षरं असतात. पारखी म्हणजे आपल्या जुन्या टांकसाळीतला पोतदार: चांदीचा कस कमी निघाला तर जबाबदार तोच. मेक्सिकोची खूण म्हणजे ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर बारका ‘ओ’. पोतोसीची आधी नुसता ‘पी’ आणि १७६७ पासून पी-टी-एस ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली. सान्तियागोचा ‘एस’, त्यावर ‘ओ’. ग्वातेमालाची राजधानी १७७३च्या भूकंपानंतर हलली, तेव्हा खूण ‘जी’ वरून ‘एन-जी’ झाली, म्हणजे नवं ग्वातेमाला.

मेक्सिको १७९६ साठी एफ-एम बरोबर आहे. १८०५ला टी-एच हवं, १८२०ला जे-जे. पोतोसीत १७९६ला पी-पी. वर्ष, टांकसाळ आणि अक्षरं या तिन्हींचा मेळ ही सगळ्यात स्वस्त चाचणी. स्वस्तातली बनावट नाणी इथेच मोठ्या संख्येने पडतात, कारण ठसे बनवणारा एका नाण्याची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची बाजू जोडून मोकळा होतो. मात्र मेळ बसला म्हणून नाणं खरं ठरत नाही. तुमचंच बघा, अक्षरं बरोबर आणि वजन चूक.

तीन ठिकाणी उलट फसगत होते, खरं नाणं खोटं वाटतं. तिसरा कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये गेला. नव्या राजाचा चेहरा समुद्रापलीकडे पोचेपर्यंत मेक्सिकोने १७८९ आणि १७९० मध्ये जुन्याच चेहऱ्याखाली नवं नाव घातलं. ती नाणी अस्सल आहेत. १८०८ नंतरच्या सातव्या फर्नांदोचंही तेच. त्याचं चित्र हाताशी नव्हतं, म्हणून मेक्सिकोने १८११ पर्यंत चिलखतातला एक कल्पित चेहरा छापला. आणि १७७२च्या मेक्सिको नाण्यावर टांकसाळीची खूण व पारख्याची अक्षरं उलटी, डोकं खाली पाय वर अशी असतात. तीही चूक समजू नका.

कसाबद्दल, म्हणजे हजार भागांत चांदी किती: १७२८ पर्यंत सुमारे ९३१, मग ९१७, १७७२ पासून ९०३. १७८६ मध्ये स्पॅनिश दरबाराने गुपचूप आणखी खाली आणून ८९६ केला. वजन आणि वरचा मजकूर तसाच. धातूचा कस दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्रावर १७९६च्या नाण्याला ९१० किंवा ९२० दिसलं तर घाबरू नका. चकत्या आम्लात उकळून पांढऱ्या करत, त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि यंत्र तेवढाच थर वाचतं. संशय घ्यायचा तो आकडा ९९० च्या वर गेला तर. आणखी एक: जुन्या वसाहतींच्या चांदीत सोन्याचा आणि शिशाचा किंचित अंश राहून जायचा. आजच्या शुद्ध केलेल्या चांदीत तो सापडत नाही.

चिनी ठशांवर विसंबू नका. खरा ठसा ठोकलेला असतो, त्यामुळे बरोबर मागच्या जागी धातू दबलेला किंवा चपटा झालेला दिसतो. ओतीव नाण्यात ठसासुद्धा साच्यातूनच येतो, त्याच्या कडा गोलसर, मऊ असतात आणि मागे काहीच नसतं.

मुलाम्याचा_शत्रू:

दुसऱ्या नाण्यावर फार शाई खर्चायला नको.

१७८० हे मारिया थेरेसाच्या मृत्यूचं वर्ष. तिच्यानंतरही तोच ठसा, तेच वर्ष ठेवून हे नाणं पाडलं जात राहिलं, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर लोक दुसरं काही घेईनात. व्हिएन्नाशिवाय रोम, पॅरिस, लंडन, ब्रुसेल्स आणि १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही ते पडलं. चकचकीत १७८० म्हणजे जवळजवळ नक्कीच नंतरची पुनर्मुद्रा.

ठरलेलं वजन २८.०७ ग्रॅम, कस ८३३. तुमचं २८.०५ छान बसतं. पाण्यात २.७५ च्या आसपास यावं, म्हणजे घनता १०.२. रियालपेक्षा कमी आली म्हणून दचकू नका, यात तांबंच जास्त आहे. कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं हवीत, ‘न्याय आणि दया’ या अर्थाचं ब्रीद. कड गुळगुळीत किंवा साध्या दात्यांची असेल तर परत करा.

घ्यायला हरकत नाही, पण चांदीच्या भावाच्या थोडं वर, त्याहून जास्त नाही. ‘मूळ १७८०चं’ म्हणून जास्त मागत असतील तर ब्रोचवरचे मणी, गरुडाच्या शेपटीची पिसं आणि खांद्याखालची एस-एफ ही अक्षरं पुनर्मुद्रांच्या तक्त्याशी ताडून बघावी लागतील. तिच्या हयातीतलंच नाणं हवं असेल तर १७८० सोडून आधीच्या सालाचं घ्या. १७६५ मध्ये नवरा वारल्यानंतरच्या नाण्यांवर ती विधवेच्या ओढणीत दिसते. ती नाणी संग्रहात जास्त शोभतात, हे माझं मत.

सिंहडालर:

तिसऱ्यावर मी लिहितो. तिथे दोन गोष्टी आपसात भांडतायत.

कॉब म्हणजे चांदीच्या पट्टीतून कापलेला तुकडा. वजनात बसेपर्यंत कातरायचा आणि दोन ठशांमध्ये ठेवून हातोडा मारायचा. वजन सांभाळायचं, आकार कसाही चालेल. म्हणून प्रत्येक कॉबची बाह्यरेषा वेगळी. त्यातून पहिला नियम निघतो: दोन कॉबांची बाह्यरेषा, भेगा आणि छापाची सरकलेली जागा तंतोतंत सारखी असेल तर निदान एक तरी खोटं आहे, बहुधा दोन्ही. विक्रेत्यांच्या जुन्या चित्रांत तोच आकार पुन्हा दिसतो का, हे खरेदीआधी बघावं. भेगाही बघा. हातोड्याने पडलेली भेग कडेपासून आत जाते, धारदार असते, आत अंधार दिसतो. ओतीव नाण्यातली भेग म्हणजे नुसती घळ, तळ दिसतो.

आता तुमचं कॉब. प्रमाणपत्र म्हणतं पोतोसी. पण क्रॉसच्या टोकांना गोळ्या ही मेक्सिकोची ओळख. पोतोसीच्या क्रॉसचे हात सरळ संपतात. अटोचावर थोडी मेक्सिकोची नाणीही होती, तेव्हा नाणं खोटंच असेल असं नाही. पण हे प्रमाणपत्र या नाण्याचं नव्हे. वजनातही २२.१ आणि १९.६ असा अडीच ग्रॅमचा फरक आहे. साफ करून, वाळवून, मोजून प्रमाणपत्र दिल्यावर नाणं एवढं घटत नाही. मूळ कागद, स्पष्ट फोटो, क्रमांक आणि वजन या चारही गोष्टी जुळल्याशिवाय जहाजाच्या नावाचे जादा पैसे देऊ नका. खरं प्रमाणपत्र आणि दुसरंच नाणं ही जोडी या बाजारात नेहमीची आहे, कारण नाण्यापेक्षा कागद विकला जातो.

कमी वजन मात्र एकट्याने दोष नाही. जमिनीवर राहिलेलं आठ रियालचं कॉब २७ ग्रॅमच्या जवळ असतं. समुद्राच्या तळाशी चांदी गंधक आणि क्लोराइडशी संयोग पावते, वरचा थर काळा होऊन सुटतो, आणि एक तृतीयांश वजन गेलेली नाणी सापडतात. पण मग पृष्ठभाग भिंगाखाली स्पंजासारखा, अनियमित खाचांचा दिसला पाहिजे. उंच भागावर आणि खोल भागावर झीज वेगवेगळी असते. सगळीकडे एकाच मापाचे बारीक गोल खड्डे असतील तर ते ओतताना राहिलेले हवेचे बुडबुडे, किंवा मुद्दाम आम्लात बुडवल्याची खूण.

तारखेवरून एक जास्तीची ओळख. पोतोसीने नाण्यावर वर्ष घालायला १६१७ मध्ये सुरुवात केली, पण हातोड्याच्या छापात ते बऱ्याचदा चकतीबाहेर जातं. १६४९ मध्ये तिथला कस-घोटाळा उघडा पडला. चांदीत तांबं मिसळल्याबद्दल टांकसाळीतला पारखी आणि एक बडा व्यापारी यांना मृत्युदंड झाला, आधीची नाणी मुकुटाचे ठसे मारून उतरत्या किमतीला चालवली गेली. १६५२ मध्ये नवा नमुना आला: दोन खांब, खाली लाटा, आणि वर्ष व पारख्याचं अक्षर एकाहून जास्त ठिकाणी, म्हणजे छाप कितीही सरकला तरी एखादी जागा वाचता यावी. नवख्याने पहिलं कॉब घ्यायचं तर हेच घ्यावं. वाचता येतं, म्हणून तपासता येतं.

रियालशोधक:

सगळ्यांचे आभार. १७९६चं नाणं पाण्यात तोललं. काटा २.९१ वर थांबला, तीनदा केलं, २.९० ते २.९१. कडेवर वर्तुळं आणि आयत आहेत, पण पूर्ण फेरीत नक्षी कुठेही एकमेकांवर चढत नाही. चिनी ठशांच्या मागे काही दबलेलं दिसलं नाही. थालर २.७५.

कडपारखी:

२४.९ भागिले २.९१ म्हणजे ८.५६. चांदी नाही, विषय मिटला. मुलाम्याखाली पितळ किंवा जर्मन सिल्व्हर आहे. आणि गंमत बघा, वजन कमी असूनही आकारमान अस्सलपेक्षा जास्त आहे. व्यास तोच, म्हणजे चकती जाड केली. हलक्या धातूत वजन गाठायची धडपड, तरी पूर्ण गाठता आलं नाही.

कडेवर नक्षी चढलेली नसणं हा एकटा पुरावा मानला नसता. काही अस्सल नाण्यांवर जोड इतका नेमका बसतो की भिंगाशिवाय कळत नाही. पण बाकीच्या गोष्टींसोबत तो वजनदार होतो.

फेकायच्या लायकीचं आहे का, हा वेगळा प्रश्न. जर्मन सिल्व्हर युरोपात १८२० च्या दशकानंतर पसरलं, आणि चीनमध्ये कार्लोसच्या चेहऱ्याचं नाणं त्यानंतरही मागणीत होतं. त्यामुळे त्या काळात व्यापारासाठी बनवलेली खोटी नाणी मिळतात, आणि ती जमवणारेही आहेत. एक्स-रेमध्ये निकेल दिसलं तर त्या दिशेने विचार करता येईल. पण आजच्या कारखान्यातून आलेली प्रतही निकेलची असू शकते, म्हणून निकेल दिसलं तरी पैसे देताना ते आजचंच धरून चाला.

टांकसाळकर:

संग्रहाला सुरुवात करायची म्हणालात, तर पुढच्या दिशेबद्दल: खांबवाल्या आठ रियालने सुरुवात करू नका. १७३२ ते १७७२ची ती नाणी दिसायला सगळ्यात देखणी, दोन गोलार्ध, लाटा, मुकुट घातलेले खांब. म्हणूनच बनावट तिथे सर्वात जास्त आणि सर्वात चांगल्या. त्यातही १७३२ ते १७३४ची दुर्मीळ नाणी तज्ज्ञाच्या हातून गेल्याशिवाय घेऊच नयेत. खांबवाल्या नाण्यांच्या कडेवर पानांची नक्षी असते. वर्तुळ-आयत दिसले तर तिथेच थांबा. आधी चेहऱ्याच्या मालिकेत हात बसवा: तिसरा कार्लोस, चौथा कार्लोस, सातवा फर्नांदो, एकाच टांकसाळीचे तीन.

इंग्लंडच्या राजा जॉर्ज तिसऱ्याच्या डोक्याचा लंबगोल ठसा मारलेली स्पॅनिश नाणीही पुढे दिसतील. बँक ऑफ इंग्लंडने १७९७ मध्ये ती चार शिलिंग नऊ पेन्सला चालवली, आणि दोन राजांची डोकी मिळून एक क्राउनसुद्धा (पाच शिलिंगचं नाणं; शब्दाचा अर्थ मुकुट) होत नाही अशी लंडनमध्ये टिंगल झाली. अस्सल रियालवर नंतर मारलेले खोटे ठसे यात खूप आहेत. नाणं घनतेत पास होतं आणि ठशात नापास. त्यामुळे सध्या लांबच राहा.

सिंहडालर:

थोडा असहमत. नवख्याने आठ रियालपेक्षा दोन रियाल घ्यावेत. ठरलेलं वजन ६.७७ ग्रॅम. खोटं बनवण्यात नफा कमी, म्हणून भेसळही कमी. त्याहून खाली मात्र जाऊ नका. अर्ध्या रियालचं आकारमान जेमतेम ०.१६ असतं. काट्याच्या ०.०१ च्या चुकीने घनता ९.७ पासून ११ पर्यंत काहीही येऊ शकते, तेव्हा पाण्याची चाचणी तिथे बाद. दोन रियालवर ती अजून चालते.

डच हवं असेल तर सिंहाचा डालर, लेउवेनडाल्डर. १५७५ पासून पडला. ठरलेलं वजन सुमारे २७.७, कस फक्त ७५०, म्हणून घनता १०.०५ च्या आसपास. रियालच्या सवयीने मोजाल तर अस्सल नाण्याला खोटं ठरवाल. पातळ, रुंद चकतीवर हातोड्याचा छाप असल्याने सिंहाचं अर्धं अंग बहुधा उमटतच नाही. ती झीज नव्हे. ओळखायचं असं: झिजलेला भाग गुळगुळीत आणि चमकदार, न उमटलेल्या भागावर चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक. सगळंच एकसारखं ठसठशीत उमटलेलं दिसलं तर जरा जास्त वेळ भिंग लावा.

मुलाम्याचा_शत्रू:

ठेवण्याबद्दल कुणी बोललं नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून चिकट हिरवट थर सुटतो आणि चांदी खातो. असा थर दिसला तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवा, दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये विसळा, चोळू नका, तसंच वाळू द्या. खिडकी उघडी, जवळ आग नाही. नखांच्या पॉलिशचं रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. रबर बँड, लोकर, साधा पुठ्ठा यांतलं गंधक चांदी काळी करतं, तेही लांब.

काळेपणा काढायच्या फंदात पडू नका. झटपट चमकवणारी द्रावणं काळ्या थरासोबत वरची चांदीही नेतात, आणि मग नाणं मेलेलं, पांढरं दिसतं. त्या थालरची चमक तशी आहे का ते बघा. नाणं दिव्याखाली हळू फिरवा. मूळ चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे दिसतात आणि चमक जागची हलत नाही.

रियालशोधक:

आरे फिरतात, कडेवरची अक्षरंही उठावाची आहेत. थालर ठेवतोय, बाकी दोन परत.